भूक, खा-खा आणि तलफ: हार्मोन्स, मेंदूतली रसायनं आणि खाण्याची ओढ यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुकेबद्दलचे निम्मे प्रश्न "मला मेलीला मनावर ताबाच नाही" अशा कबुलीने सुरू होतात. त्यातला ताब्याचा भाग किती आणि रसायनांचा किती, हे वेगळं करायला खालची उत्तरं उपयोगी पडावीत. एकच गोष्ट दोनदा सांगायचं टाळलं आहे. जिथे उत्तर दुसरीकडे आलं आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधांची माहिती समजून घेण्यासाठी आहे. चालू गोळी किंवा इंजेक्शन आपल्या मनाने बदलू नका.

१. भूक नेमकी पोटात लागते की डोक्यात?

बातम्या पोटाकडून येतात, निर्णय डोक्यात होतो. रिकाम्या पोटात दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाते आणि उरलासुरला चोथा पुढे ढकलते. पोटात कावळे ओरडतात ते या झाडलोटीमुळे. त्या आवाजाला भूक समजू नका. शस्त्रक्रियेने जठर पूर्ण काढलेल्या माणसांनाही भूक लागते.

निर्णयाची जागा म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस. त्यात एका छोट्या ठिकाणी, आर्क्युएट न्यूक्लियसमध्ये, दोन विरुद्ध गटांच्या पेशी शेजारी शेजारी राहतात. एजीआरपी पेशी "खा" म्हणतात, पीओएमसी पेशी "पुरे" म्हणतात. पोट भरलेल्या उंदराच्या एजीआरपी पेशी प्रकाशाने चेतवल्या की काही मिनिटांत तो पुन्हा खायला लागतो, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. त्याहून मजेदार गोष्ट २०१५ मध्ये कळली. भुकेल्या उंदराला अन्न नुसतं दिसलं तरी, पहिला घास तोंडात जायच्या आधीच या पेशी शांत होतात. म्हणजे मेंदू रिकाम्या पोटाची नुसती नोंद ठेवत नाही, तो पुढचा अंदाज बांधतो. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ या अंदाजात आहे.

२. भूक, खा-खा आणि तलफ यांत खरंच फरक आहे का? मला तर सगळं सारखंच वाटतं.

फरक आहे, आणि आपल्या भाषेने तो आधीपासून करून ठेवला आहे. भूक म्हणजे इंधनाची मागणी. ती हळूहळू चढते आणि काहीही खाल्लं तरी भागते. खा-खा किंवा वखवख म्हणजे "पुरे" हा निरोप पोहोचत नाही किंवा कमी पडतो. माणूस खातो पण तृप्तीचा ढेकर येत नाही. तलफ ठरावीक पदार्थाची असते, अचानक येते, आणि तिच्यामागे बहुतेक वेळा काही दिसलेलं, हुंगलेलं किंवा सवयीचं ठिकाण असतं.

घरगुती कसोटी सोपी आहे. स्वतःला विचारा, "आत्ता कालची भाकरी आणि चटणी चालेल का?" चालत असेल तर भूक. "भाकरी नको, पण फरसाण असेल तर बघू" असं उत्तर आलं तर तलफ. जेवून अर्धा तास झाला आणि भाकरीही चालेल, फरसाणही चालेल, असं रोजच होत असेल तर प्रश्न ५, १४ आणि १८ वाचा.

३. रोज बरोबर एक वाजता भूक लागते. सुट्टीच्या दिवशी उशिरा नाश्ता केला तरी एकलाच! असं का?

हे घ्रेलिनचं काम. हे हार्मोन १९९९ मध्ये जपानमध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी शोधलं. मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, २८ अमिनो आम्लांचं असतं, आणि त्याच्या तिसऱ्या अमिनो आम्लावर आठ कार्बनचं एक मेदाम्ल चिकटवल्याशिवाय भुकेचं काम करत नाही. जेवणाआधी ते रक्तात चढतं, जेवल्यावर उतरतं.

घ्रेलिन नेहमीच्या जेवणाच्या वेळा शिकतं. डबा रोज एकला उघडत असेल, तर साडेबारापासूनच ते वाढायला लागतं. पाळी बदलणाऱ्या कामगारांना किंवा परदेशी गेलेल्यांना पहिले काही दिवस भलत्या वेळी भूक लागते ती यामुळे. जेवणाची वेळ बदलायची असेल तर एकदम दोन तास सरकवू नका. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास सरकवा.

आणखी एक बारकावा: प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थ घ्रेलिन चांगलं खाली आणतात, तेल-तुपाचा परिणाम त्यात सर्वांत कमी. नुसत्या तळणावर भागवलेल्या नाश्त्यानंतर लवकर भूक लागते त्याचं हे एक कारण.

४. भूक मारली तर खरंच मरते का? उपवासाच्या दिवशी दुपारनंतर काहीच वाटत नाही.

निदान त्या वेळेपुरती मरते. घ्रेलिन सरळ रेषेत चढत जात नाही. दिवसभर काही खाल्लं नाही तरी ते नेहमीच्या जेवणाच्या वेळांना वर येतं आणि न जेवताही पुन्हा उतरतं. म्हणून एकादशीला एक-दीडची वेळ निभावली की तीनला हलकं वाटतं, आणि रात्री आठला पुन्हा लाट येते.

अडचण उपवासापेक्षा फराळात आहे. एकादशी दुप्पट खाशी, ही म्हण उगाच पडली नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिठूळ स्टार्च आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात अर्धा ग्रॅमही प्रथिनं नसतात. खिचडी टिकते ती त्यातल्या दाण्याच्या कुटामुळे. बटाटा घातलेली, कमी कुटाची खिचडी खाल्ली तर दोन तासांत पुन्हा काहीतरी हवंसं वाटतं. राजगिरा, दही, ताक, मूठभर शेंगदाणे यांचं प्रमाण वाढवा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपवासाआधी प्रश्न १७ वाचा.

५. "सावकाश जेव" असं आजी म्हणायची. त्याला काही आधार आहे का?

आहे. पोट भरल्याचे निरोप एका वेळी येत नाहीत. जठर ताणलं गेल्याची बातमी व्हेगस मज्जातंतूतून लगेच निघते. अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीला पोहोचलं, त्यात मेद आणि प्रथिनं असली, की तिथल्या पेशी सीसीके हे हार्मोन सोडतात. याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. सीसीके दिल्यावर उंदीर जेवण लवकर आटोपतं घेतात, हे १९७३ मध्येच दिसलं होतं. त्यापुढे आतड्याच्या खालच्या भागातून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही आणखी दोन हार्मोन्स येतात. पीवायवाय तर जेवणानंतर तास-दोन तासांनी सर्वांत वर असतं, म्हणजे ते या जेवणापेक्षा पुढच्या जेवणाचा आकार ठरवतं.

सात मिनिटांत ताट संपवणाऱ्याला यांतला फक्त पहिला निरोप मिळतो. मग दुसऱ्यांदा भात घेतला जातो, आणि वीस मिनिटांनी "जरा जास्तच झालं". उपाय चघळण्याचे आकडे मोजण्यात नाही. ताटाचा क्रम बदला: आधी डावी बाजू, म्हणजे कोशिंबीर, मग उसळ किंवा आमटी, मग पोळी, भात शेवटी. भाज्या आणि प्रथिनं आधी घेतली की जेवणानंतरची साखरही कमी चढते, असं लहान चाचण्यांत दिसलं आहे. पुन्हा वाढून घ्यायच्या आधी दहा मिनिटं थांबा. दहा मिनिटांनीही हवं असेल तर खुशाल घ्या.

६. पोट तुडुंब भरलेलं असताना श्रीखंडाला जागा कुठून होते?

तृप्ती पदार्थागणिक येते. वरण-भात खाऊन त्याच्या चवीची गोडी उतरते, पण अजून न चाखलेल्या चवीची उतरत नाही. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे मोजून दाखवलं: ताटात जितके प्रकार जास्त, तितकं एकूण खाणं जास्त. आपल्या पंगतीत तर गोड जेवणानंतर येत नाही, सुरुवातीपासून ताटात असतं. गोड, तिखट, आंबट, खारट असे आळीपाळीने घास पडत राहतात आणि कुठलीच चव शिळी होत नाही. वर आग्रह आहेच.

रोजच्या जेवणात हेच उलटं वापरता येतं. भाज्यांचे प्रकार वाढवा, गोडाचे आणि तळणाचे एकावर आणा. चार मिठाया असलेल्या डब्यातून माणूस नेहमीच जास्त उचलतो.

७. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन ना? मग खाऊन आनंद मिळतो म्हणून आपण जास्त खातो, बरोबर?

अर्धंच बरोबर, आणि गैरसमज इथेच सर्वांत जास्त आहे.

गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. १९५१ मध्ये येल विद्यापीठात बाल कृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या दोन्ही कडांना बारीक इजा केली. उंदरांनी खाणंच सोडलं. त्या जागेला "भूक केंद्र" नाव पडलं. आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि जगभर पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग गेला. नंतर लक्षात आलं की त्या जागेतून डोपामिन वाहून नेणारे धागेही जातात आणि इजेत तेही तुटत होते. पुढे १९९५ मध्ये अजिबात डोपामिन बनवू न शकणारे उंदीर तयार केले गेले. ते समोर अन्न असून उपाशी मरत. एल-डोपा (ज्यातून मेंदू डोपामिन बनवतो) टोचलं की खायचे.

मग त्यांना अन्न आवडत नव्हतं का? मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी डोपामिन नष्ट केलेल्या उंदरांच्या तोंडात साखरपाणी सोडलं. ते जिभल्या चाटत होते, निरोगी उंदरासारखेच. आवड शाबूत होती, उठून घेण्याची ओढ गेली होती. आवडीमागे मुख्यतः मेंदूतली अफूसदृश रसायनं आणि एंडोकॅनाबिनॉइड्स असतात. भांगेनंतर जो खाण्याचा सपाटा लागतो तो या दुसऱ्या वाटेने. ओढ डोपामिनची.

शिवाय वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांत दाखवलं की डोपामिन पेशी सवयीनंतर बक्षिसाला दाद देत नाहीत, बक्षिसाच्या खुणेला देतात. स्टेशनबाहेर कढईत वडा पडल्याचा चर्रर आवाज आणि लसणाचा वास हीच ती खूण. तुमची पावलं वळतात तेव्हा जिभेवर अजून काही पडलेलं नसतं. वडा खाताना "एवढा काही खास नव्हता" असं वाटलं तरी उद्या पावलं पुन्हा वळतात. म्हणून तलफेवर चवीचा पर्याय शोधण्यापेक्षा खूण हलवणं जास्त उपयोगी: वाट बदला, खाण्याच्या ॲपच्या सूचना बंद करा, चिवड्याचा डबा ओट्यावरून उचलून झाकणासकट वरच्या फळीवर ठेवा. पारदर्शक बरणी तर नकोच.

८. अंगावर चरबी भरपूर आहे, म्हणजे लेप्टिनही भरपूर असणार. मग भूक कमी का होत नाही?

लेप्टिन हे हार्मोन चरबीच्या पेशींमधून रक्तात येतं. डग्लस कोलमन यांनी लठ्ठ उंदराचं रक्ताभिसरण निरोगी उंदराला जोडून असा काहीतरी घटक रक्तात असणार हे ताडलं होतं. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचं जनुक शोधलं. तेव्हा वाटलं, लठ्ठपणावर औषध सापडलं. पण बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन आधीच जास्त निघालं. मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही.

आमच्या मते लेप्टिनकडे भूक कमी करणारं हार्मोन म्हणून बघणंच चुकीचं आहे. ते साठ्याची पातळी सांगतं आणि पातळी खाली आली की जोरात ओरडतं. वर गेल्याचं मेंदू फारसं मनावर घेत नाही. जन्मतःच लेप्टिन नसलेली मुलं याचा पुरावा. १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये अशा दोन चुलत भावंडांची नोंद झाली. सतत भूक, प्रचंड वजन. अशा मुलांना लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर खाणं झपाट्याने उतरलं. असे रुग्ण अत्यंत विरळा.

"लेप्टिन बूस्टर" नावाने मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये लेप्टिन नसतं. असतं तरी ते प्रथिन असल्यामुळे पोटात पचून गेलं असतं. पैसे वाचवा.

९. दहा किलो उतरवले आणि आता आधीपेक्षा जास्त भूक लागते. माझं काही बिघडलंय का?

नाही, शरीर ठरल्याप्रमाणे वागतंय. मेलबर्नच्या २०११ च्या अभ्यासात दहा आठवडे कडक आहार घेऊन लोकांनी सरासरी साडेतेरा किलो उतरवले. वर्षभरानंतरही घ्रेलिन चढलेलं, लेप्टिन, पीवायवाय आणि सीसीके उतरलेलं होतं, आणि भूकही जास्तच. दुसऱ्या एका हिशोबात उतरलेल्या प्रत्येक किलोमागे खाण्याची ओढ दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते असं निघालं. खर्च मात्र किलोमागे वीस-तीस कॅलरींनीच घटतो. म्हणजे वजन परत येण्यात "चयापचय मंदावला" यापेक्षा भुकेचा वाटा मोठा आहे.

टोकाचं उदाहरण मिनेसोटाचं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १५७० कॅलरींवर ठेवलं. वजन पाव हिश्श्याने घटलं. ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, ताट चाटू लागले, आणि निर्बंध उठल्यावर कित्येक आठवडे कितीही खाल्लं तरी समाधान होईना.

यावरून धोरण ठरतं: वेग कमी ठेवा, आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास, प्रत्येक जेवणात प्रथिनं ठेवा (प्रश्न ११), आणि पाच-सात किलोंनंतर दोन-तीन महिने वजन फक्त टिकवा. थांबल्याने हार्मोन्स पूर्ववत होतील असं नाही, पण वाढलेल्या भुकेसोबत जेवायची घडी बसते.

१०. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी चरत सुटतो. योगायोग?

योगायोग नाही. शिकागो विद्यापीठाच्या २००४ च्या प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री प्रत्येकी चारच तास झोपू दिलं. दहा तासांच्या रात्रींच्या तुलनेत लेप्टिन १८ टक्के कमी, घ्रेलिन २८ टक्के जास्त निघालं. हे आकडे सगळ्या नंतरच्या अभ्यासांत जसेच्या तसे आलेले नाहीत, पण जास्त खाणं मात्र पुन्हा पुन्हा दिसलं. २०२२ मध्ये उलटी बाजूही तपासली गेली: कमी झोपणाऱ्यांची झोप रोज सव्वा तासाने वाढवली तेव्हा खाणं दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी आपोआप घटलं. आहाराबद्दल त्यांना एक शब्दही सांगितला नव्हता.

११. काय खाल्लं की लवकर भूक लागत नाही?

१९९५ मध्ये सुझॅना होल्ट यांनी ऑस्ट्रेलियात ३८ पदार्थ समान कॅलरींचे देऊन दोन तास भूक मोजली. पांढरा ब्रेड १०० धरला, तर उकडलेला बटाटा ३२३ वर पहिला आला आणि लोणीदार क्रोसाँ ४७ वर शेवटचा. बटाट्याला शिव्या घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दोष तळण्याचा आहे. पोट भरवतात पाणी, तंतू आणि प्रथिनं, आणि कॅलरींच्या मानाने पदार्थाचं वजन.

जेवणाला २० ते ३० ग्रॅम प्रथिनं हे व्यवहार्य लक्ष्य. पोह्यांच्या एका बशीत दाणे धरूनही जेमतेम ४-५ ग्रॅम निघतात, म्हणून साडेअकराला पोट कुरकुरतं. त्यासोबत दोन उकडलेली अंडी घेतली तर १२-१३ ग्रॅमची भर पडते. शाकाहारी असाल तर वाटीभर मटकीची उसळ ८-१० ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर सुमारे १८, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे ७-८. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत. डॉक्टरांनी दिलेली मर्यादा पाळा.

पाकीटबंद पदार्थ उलट दिशेने काम करतात: मऊ, कोरडे, पटकन गिळले जाणारे, थोड्या वजनात जास्त कॅलरी. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, हवं तेवढं खायची मुभा देऊन. पाकीटबंद पंधरवड्यात ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते.

१२. ताण आला की माझी भूक मरते, नवरा मात्र फ्रिज रिकामा करतो. दोघांत कोण बरोबर?

दोघंही. अचानक आलेल्या ताणात ॲड्रिनलिन आणि सीआरएच हे मेंदूतलं ताणाचं हार्मोन जोरात असतं, जठर थबकतं, घास जात नाही. ताण आठवडेच्या आठवडे रेंगाळला की कॉर्टिसोल हे ताणाचं दुसरं हार्मोन चढं राहतं आणि गोड-तेलकटाची ओढ वाढते. कोणाचा कल कुठे असतो हे माणसागणिक बदलतं. ताणात खाणाऱ्यांनी जेवणं चुकवू नयेत. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी घरी आलं की ताण आणि खरी भूक एकत्र येतात, आणि मग ताबा राहत नाही.

१३. पाळीच्या आधी आठवडाभर गोड का हवं असतं?

इस्ट्रोजेन भूक आवरतं. बीज सुटण्याच्या सुमारास ते वर असतं आणि त्या दिवसांत खाणं सर्वांत कमी असतं. नंतर प्रोजेस्टेरॉन चढतं, इस्ट्रोजेनचा आवर सैल पडतो, आणि पाळीपूर्वीच्या दिवसांत बहुतेकींचं खाणं थोडं वाढतं. पाळी सुरू झाली की उतरतं. त्या आठवड्यात नवा आहार सुरू करू नका आणि वजनकाट्यावरचं पाणी मनाला लावून घेऊ नका.

१४. कोणत्या औषधांनी भूक वाढते? आणि मुलाला भूक लागायचं सिरप द्यावं का?

वाढवणारी: प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स, ओलान्झापिन आणि क्लोझापिन, मिर्टाझापिन, आणि साखर खूप उतरत असेल तर इन्सुलिन. ओलान्झापिन मेंदूतले हिस्टामिन आणि सेरोटोनिनचे "पुरे" सांगणारे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशींवर निरोप उतरण्याच्या जागा) अडवतं, त्यामुळे भूक पहिल्या काही आठवड्यांतच कळते. गोळी बंद करू नका. सुरू करतानाच वजन लिहून ठेवा आणि महिन्यात दोन-अडीच किलो चढले तर डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात. स्टेरॉइड तर अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.

मुलांच्या सिरपमध्ये बहुधा सायप्रोहेप्टाडिन असतं. हे जुनं ॲलर्जीचं औषध. तेही याच दोन वाटांनी भूक वाढवतं, आणि गुंगी आणतं. बंद केलं की भूक पुन्हा जैसे थे. सिरपआधी तीन गोष्टी बघा: मूल दिवसाला अर्धा लिटरपेक्षा जास्त दूध पितं का (दुधाने पोट भरतं आणि लोह कमी पडतं), हिमोग्लोबिन किती आहे, आणि दोन जेवणांमध्ये बिस्किटं किती जातात. बहुतेक घरांत उत्तर यातच सापडतं.

१५. मिश्री किंवा सिगारेट सोडली की भूक वाढते, म्हणून सोडत नाही. काय करावं?

निकोटिन पीओएमसी पेशींना (प्रश्न १) चेतवतं, म्हणून तंबाखू मळली की भूक दबते. शेतात-बांधकामावर दुपारची भूक मारायला तंबाखूचा आधार घेणाऱ्यांचा अनुभव खोटा नाही. सिगारेट सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतात, त्यातले बरेचसे पहिल्या तीन महिन्यांत. तरीही सोडण्याचा फायदा त्याहून कितीतरी मोठा. निकोटिनची च्युइंगम सोबत असेल तर वजनवाढ लांबते. तोंडाला चाळा म्हणून बडीशेप, भाजलेले जवस, काकडी. गोड गोळ्या नकोत.

१६. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं भुकेचं नेमकं काय करतात? आणि बंद केल्यावर?

आतड्यातलं आपलं जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटांतच निम्मं होतं. सेमाग्लुटाइड त्याची नक्कल आहे, पण आठवडाभर टिकेल अशी घडवलेली. टिर्झेपाटाइड जीएलपी-१ सोबत जीआयपी या दुसऱ्या हार्मोनचीही वाट वापरतं. दोन्ही जठर हळू रिकामं करतात, पण मुख्य काम मेंदूत होतं. रुग्ण सांगतात ते एकच: डोक्यातली खाण्याची भुणभुण थांबली. म्हणजे प्रश्न २ मधल्या तिन्ही गोष्टी खाली येतात, तलफसुद्धा. २०२१ च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. २०२२ मध्ये टिर्झेपाटाइडच्या १५ मिलिग्रॅम मात्रेने ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. टिर्झेपाटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं.

सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि २.४ असं चढवतात. घाईने चढवलं की उलट्या होतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे जुन्याच मापाने ताट वाढणं. जठर सावकाश रिकामं होतंय, त्यात पुरीभाजी ढकलली की मळमळ होणारच. तिसरी चूक: भूक नाही म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढणं. मग चरबीसोबत स्नायूही जातात. प्रथिनं आणि थोडं वजन उचलण्याचा व्यायाम हे औषधाइतकेच आवश्यक.

अपवाद महत्त्वाचे. स्वतःला किंवा घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर असेल तर ही औषधं नकोत. पोटात असह्य कळ येऊन पाठीकडे गेली तर स्वादुपिंडाची सूज तपासायला लगेच रुग्णालय गाठा. गर्भधारणा ठरवत असाल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवतात. टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर आणि दर वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर एकटीवर विसंबू नका. भूल देणार असतील तर भूलतज्ज्ञांना सांगाच. उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं.

बंद केल्यावर भूक परत येते. त्याच चाचणीतल्या लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचे दोन तृतीयांश परत मिळवले. कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

आणि "या आधीच्या भूक मारायच्या गोळ्यांचं काय झालं?" हेही बरेच विचारतात. फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा बिघडवते म्हणून १९९७ मध्ये बाजारातून गेली. एंडोकॅनाबिनॉइडची वाट अडवणारी रिमोनाबँट नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे युरोपात २००८ मध्ये मागे घेतली, भारतात २००९ मध्ये बंदी आली. सिब्युट्रामिन २०१० मध्ये, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे. "हर्बल" चूर्णांत सिब्युट्रामिनची भेसळ आजही सापडते. आठ दिवसांत भूक गायब करणारं आणि छातीत धडधड लावणारं चूर्ण असेल तर ते टाकून द्या.

१७. मधुमेह आहे. कधी कधी जेवून दोन-तीन तासांत हातपाय थरथरतात आणि राक्षसी भूक लागते. खाऊ की थांबू?

थांबू नका, साखर मोजा. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मोजायचं यंत्र जवळ नसेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. घाम, थरथर, धडधड यांसह आलेली भूक ही मेंदूची धोक्याची घंटा आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिनवर ती येऊ शकते. पेढा किंवा चॉकलेट इथे कामाचं नाही, त्यातल्या मेदामुळे साखर हळू चढते.

एक अपवाद घरोघरी माहीत असायला हवा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साधी साखर वेळेवर काम करत नाही, कारण साखरेचं विघटनच ही गोळी अडवते. अशांनी खिशात ग्लुकोज पावडर ठेवावी. सपाट तीन-चार चमचे पुरतात.

साखर मोजून २५०-३०० निघाली आणि तरी खा-खा सुटली असेल तर प्रकार उलटा आहे. इन्सुलिन कमी पडतंय, साखर रक्तात आहे पण पेशींना मिळत नाही, वजनही घटतं. हे खाऊन भागत नाही. औषध बदलावं लागतं.

१८. मुलगा दिवसभर खातो, पोट भरलं असं कधीच म्हणत नाही. घरचे म्हणतात जंत आहेत किंवा भस्म्या झालाय.

जंतांनी भूक वाढण्यापेक्षा मंदावणंच जास्त दिसतं. वाढीच्या वयात, विशेषतः बारा-पंधराच्या मुलांत, भरपूर भूक नेहमीची. वजन घटत असताना भूक वाढली तर मधुमेह आणि वाढलेलं थायरॉइड तपासा. डोकेदुखी, नजर कमी होणं, सारखी लघवी यांसह भूक वाढली तर हायपोथॅलॅमसजवळची गाठ वगळावी लागते.

अगदी लहानपणापासून सतत भूक आणि वेगाने वाढणारं वजन असेल तर जनुकीय कारण शोधतात. एकाच जनुकातल्या दोषांपैकी एमसी४आरचा सर्वांत जास्त आढळतो. पीओएमसी पेशींचा "पुरे" हा निरोप या जनुकातून घडणाऱ्या ग्राहकावरच उतरतो. प्राडर-विली सिंड्रोममध्ये बाळ आधी मलूल, नीट न चोखणारं असतं; दोन-तीन वर्षांनंतर भूक हळूहळू अनावर होत जाते. यात दोष १५व्या गुणसूत्रावर असतो आणि घ्रेलिन चढलेलं असतं. अमेरिकेत या भुकेवर मार्च २०२५ मध्ये डायझॉक्साइड कोलीन हे पहिलं औषध मंजूर झालं.

अशा मुलाला रागावून उपयोग नसतो, त्याला उपाशी असल्याचीच खबर मेंदू देत राहतो. घरात करायचं ते असं: जेवणाच्या वेळा आणि पदार्थ भिंतीवर लिहून लावा, ठरलेलं ठरल्या वेळी हमखास द्या, मधे कुणीही, अगदी आजी-आजोबांनीही, काही देऊ नका, आणि फ्रिज व कोठीला कुलूप लावा. कुलूप बघून पाहुण्यांना वाईट वाटतं. मूल मात्र त्यानंतर बहुधा शांत होतं, कारण आता काही मिळेल का याची वाट बघत त्याला स्वयंपाकघराच्या दारात बसावं लागत नाही.